सासूसमोर विचारू नये असा प्रश्न

बाळंतपणाच्या घरी डॉक्टर पोचला की आधी गरम पाणी मागतो, आणि ते कशाला हवं असतं हे घरात कुणालाच कळत नाही. चूल फुंकली जाते, धूर होतो, धावपळ होते, आणि भरून आणलेलं तपेलं कोपऱ्यात निवत बसतं. मी आता दवाखान्याला कुलूप लावलं आहे, माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सांगून टाकतो. त्यातलं निम्मं पाणी हात धुवायला आणि हत्यारं उकळायला लागतं. उरलेलं निम्मं सासूबाईंना खोलीबाहेर काढायला लागतं.

हा शोध मी लावला माझगावच्या कोळीवाड्यात. गोष्ट गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतली, मुंबईत प्लेग यायच्या आधीची. आणि शोध लागायच्या आधी जेवढा गाढवपणा करायला हवा तेवढा मी चोख केला होता.

तेव्हा मी गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी नवा दवाखाना थाटला होता. पाटीवर माझ्या नावापेक्षा पदवी मोठी होती. डोक्यावर पगडी, अंगात गुडघ्यापर्यंत काळा कोट, मिशा मात्र अजून विचार करत होत्या. लोक दवाखान्यात शिरत ते बहुतेक करून पलीकडच्या वैद्यबुवांचं घर विचारायला. प्रसूतीचं शास्त्र मी कॉलेजात शिकलो ते एका चामड्याच्या बाहुलीवर. तिच्या पोटातून कापडी मूल हव्या त्या कोनातून काढता येई, आणि त्यात मला बक्षीसही मिळालं होतं. पण त्या बाहुलीला सासू नव्हती.

खऱ्या घरांतून काय असतं हे पहिल्याच महिन्यात कळलं. गिरगावातल्याच एका प्रतिष्ठित घरी मला दाराशी पाटावर बसवण्यात आलं. मध्ये जाड पडदा. गरोदर बाई आत. पडद्याखालून एक हात बाहेर आला. मी ऐटीत घड्याळ काढलं, नाडी मोजली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "प्रकृती ठणठणीत आहे. अशक्तपणा तर नावालाही नाही." आत खसखस पिकली. हात थोरल्या जावेचा होता. धाकटीला परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायची लाज वाटली, म्हणून थोरलीनं तिच्या वतीनं दिला! मी दिलेलं औषधही बहुधा थोरलीनंच घेतलं असणार, कारण धाकटी दोन दिवसांत बरी झाली.

कोळीवाड्यात पडदा नव्हता. तिथं हिराबाई होती.

हिराबाई म्हणजे मासळीबाजारात जिच्या शेजारी दुसरी कोळीण पाटी मांडायला कचरायची अशी बाई. सुपाएवढे कान भरून सोनं, आणि आवाज असा की बंदरातली होडी वळावी. घशात काहीतरी अडकलं म्हणून ती एकदा माझ्याकडे आली होती. मी जन्माचा शाकाहारी. काल काय खाल्लं विचारलं, तर म्हणाली कोळंबी. मी चिमटा घेतला, तिच्या घशात दिवा धरला आणि गंभीरपणे म्हणालो, "कोळंबीचा काटा दिसतोय."

ती इतकी हसली, की जे काही अडकलं होतं ते हसण्यानंच सुटलं. कोळंबीला काटा नसतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला ते माहीत नव्हतं हे दुसऱ्या दिवशी सबंध माझगावला कळलं. पण माणसाची गंमतच असते. जो डॉक्टर हसवतो त्याचं नाव लक्षात राहतं. त्यामुळे हिराबाईच्या सुनेचं पोट दुखायला लागलं, आणि वाड्यातली सुईण नेमकी लेकीच्या गावाला गेलेली होती, तेव्हा हिराबाईनं मुलाला सांगितलं, "जा रं पांडू, त्या कोलंबीच्या डाक्टरला घेऊन ये."

पांडू मला घ्यायला आला तो मासळीच्या वासासकट. भाड्याच्या गाडीत बसून आम्ही निघालो. वाटेत त्यानं सांगितलं, की बायकोला, चांगुणेला, नववा नुकता लागलाय, सकाळपर्यंत चांगली होती, आणि आता पोट धरून पडली आहे.

घरात शिरलो. ओटीवर जाळी पसरलेली, आतल्या खोलीत चटईवर चांगुणा कुशीवर पडलेली. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा. हिराबाई उशाशी ठाण मांडून बसलेली.

"वारा धरलाय पोटात," हिराबाईनं मला निदान सांगून टाकलं. "काल सुके बोंबील खाल्लंन पोटभर. मी नको नको म्हनत व्हते."

मी पुस्तकाप्रमाणे विचारायला सुरुवात केली. "अंगावर काही गेलं का?"

"वाईच डाग हाय. त्याचं काय नाय," हिराबाई.

"कुठं पडलीस का? पोटाला काही लागलं का?"

चांगुणानं डोळे उघडले. आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाय."

"पडंल कशी?" हिराबाई म्हणाली. "सातवा लागल्यापासनं उंबऱ्याच्या भाईर पाय टाकू दिला नाय मी तिला."

झालं. माझं समाधान झालं. लुगड्यावरूनच पोटाला हात लावल्यासारखं केलं, पोट फुगलेलं कडक लागलं, वारा धरल्यावर लागतं तसं. मी पेपरमिंटचा अर्क काढून दिला, पोट शेकायला सांगितलं, आणि उठलो. विद्या पाजळून दाराशी आलो तर माझा एक बूट नाही.

कोळीवाड्यात मांजरं फार. बुटाला कसला वास लागला होता देव जाणे, पण एका मांजरीनं तो जाळ्यांच्या ढिगात ओढून नेला होता. मी वाकून, पगडी सांभाळत, जाळी उपसू लागलो. पांडू दुसऱ्या बाजूनं शोधू लागला. आणि त्या रिकाम्या वेळात आतून येणारं कण्हणं माझ्या कानावर पडत राहिलं.

बूट हातात आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतका वेळ ते कण्हणं एकदाही थांबलं नव्हतं.

धंद्याबाहेरच्या माणसांसाठी सांगतो. बाळंतपणाची कळ लाटेसारखी असते. येते, चढते, ओसरते, आणि मधल्या वेळात बाई पाणी मागते, नवऱ्याला शिव्या देते, प्रसंगी डुलकीही काढते. पोटही तसंच, कळेबरोबर कडक होतं आणि मग मऊ पडतं. वाऱ्याचं दुखणंसुद्धा फिरतं, इथून तिथं जातं. आतलं हे दुखणं एकाच पट्टीत, खंड नाही, उतार नाही. असं एकच दुखणं माझ्या माहितीत होतं, आणि त्यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते.

मी एका पायात बूट आणि एक हातात अशा थाटात परत आत धावलो.

"काय विसरला?" हिराबाईनं विचारलं.

डोकं विसरलो होतो, पण ते कुणी सांगतं का! मी बूट खाली टाकला आणि या खेपेस पोटावर नीट हात ठेवला. पाट असावा तसं पोट. बोट रुतेना. मुलाचं डोकं कुठं, पाय कुठं, काही हाताला लागेना. जरा दाबलं तर चांगुणा किंचाळली. नाडी बारीक दोरीसारखी आणि पळत सुटलेली. डाग खरोखरच वाईच होता. एवढ्याशा रक्तानं माणूस एवढा पांढरा पडत नाही. बाकीचं रक्त कुठं आहे हे आता मला उमगलं होतं. फक्त पडण्याचं कोडं सुटत नव्हतं. पडल्याशिवायही हा प्रकार होतो, हातपाय सुजलेल्या बायकांना विशेष, पण हिचे पाय तर सडसडीत.

मी हिराबाईकडे पाहिलं. हिराबाई हलण्यातली नव्हती. आणि त्या क्षणी मला ते सुचलं.

"हिराबाई, मला गरम पाणी लागेल. घरातलं सगळ्यात मोठं तपेलं भरून. आणि ते तुम्हीच आणा, दुसऱ्या कुणाच्या हातचं चालणार नाही."

अशी मोठी कामगिरी आपल्याशिवाय होणार नाही हे हिराबाईला पटायला वेळ लागला नाही. ती मागच्या पडवीत गेली. मी चांगुणेच्या कानाशी वाकलो. "आता खरं सांग. पडलीस ना?"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सासू बाजारात गेली तवा धक्क्यावर गेलते. यांची होरी लागली व्हती. पापलेट चांगलं गावलं असं कोन तरी बोललं. दुसरीनं निवडून नेलं असतं ना... दोर वलांडला आन् पाय अडकला. होरीच्या काठावर पडले, पोटावरच. हे पाट्या घेऊन पुढं गेलते, त्यांना दिसलं नाय."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"सासू मारून टाकंल! पोटुशी बाईनं होरीचा दोर वलांडायचा नाय. होरीला मासली गावत नाय मंग. तुमी नका सांगू तिला, डाक्टर. तुमाला तुमच्या देवाची आन हाय."

म्हणजे बाई मरायला टेकली होती, आणि तिला भीती होती ती होडीच्या दोराची. आणि मी शहाण्यानं तो प्रश्न कुणासमोर विचारला होता, तर साक्षात हिराबाईसमोर! तेव्हापासून सांगतो, 'पडलीस का' हे सासूसमोर विचारू नये. खोटंच उत्तर मिळतं, आणि डॉक्टरला ते खरं वाटतं.

पाणी आलं. मी हिराबाईला समोर बसवलं आणि होडीच्या दोराचं नाव न काढता सांगितलं, "हिराबाई, हा वारा नाही. मुलाची वार आत गर्भपिशवीला चिकटलेली असते. खडकाला कालव चिकटतं तशी. मूल बाहेर आल्यावर ती सुटायची असते. हिची आधीच सुटायला लागली आहे."

"सुटली तर रगत कुठाय?" हिराबाईनं विचारलं. प्रश्न रास्त होता. माझ्या परीक्षकांनीही हाच विचारला होता.

"मधोमध सुटली आहे, कडा अजून धरून आहेत. त्यामुळे रक्त मागे साठतंय, बाहेर येत नाही. म्हणून पोट असं लाकडासारखं झालंय."

"मंग आता?"

मी माझी लाकडी नळी काढली, पोटावर टेकवून कान लावला. मुलाच्या काळजाचे ठोके शोधले. इकडे शोधले, तिकडे शोधले. काही नाही. मी मान वर केली आणि परीक्षेत बक्षीस मिळवलेल्या माणसाला शोभेल अशा ठामपणानं म्हणालो, "मूल गेलंय. आता आईला वाचवायचं."

हिराबाईनं पदर खोचला. "मंग तिला वाचव," ती म्हणाली, इतक्या हळू, की मला तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा त्याचीच भीती वाटली.

इस्पितळात न्यावं असं मनात आलं, पण भाड्याच्या गाडीचे ते हादरे आठवले आणि विचार सोडला. आज माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ऐकाल तर पोट असं कडक होऊन दुखायचं थांबेना, तर थेंबभर रक्ताचीही वाट न पाहता इस्पितळ गाठा. तिथं आता जे करता येतं त्यातलं काहीच तेव्हा आमच्या हातात नव्हतं. आमच्याजवळ उपाय एकच, मूल लवकर बाहेर काढायचं, म्हणजे पिशवी आवळते आणि रक्त थांबतं. त्यासाठी पाणमोट फोडायची, म्हणजे मुलाभोवतीच्या पाण्याचं पातळ आवरण. ती फोडायची सळई मी गिरगावात विसरून आलो होतो.

"हिराबाई, तुमच्या केसांतला आकडा द्या."

"आता आनि नटायचंय तुला?" असं म्हणाली खरी, पण आकडा काढून दिला. तो मी उकळत्या पाण्यात टाकला, कार्बोलिकनं धुतला, हात कोपरापर्यंत धुतले. पाणमोट फोडली. पाणी लालसर आलं. शिडाच्या जुन्या कापडाची पट्टी करून पांडूनं आणि मी चांगुणेच्या पोटावर घट्ट बांधली, पायांकडची बाजू मासळीच्या टोपल्या पालथ्या घालून उंच केली, आणि मीठ घातलेली पेज चमच्याचमच्यानं तिच्या तोंडात घालत राहिलो.

अशा वेळी एक बरं असतं, पिशवी चिडलेली असते, बाळंतपण भराभर होतं. उन्हं पडवीतून खाली उतरायच्या आत मूल आलं. पाठोपाठ वार आली, आणि तिच्या मागे काळ्या रक्ताची थाळीएवढी गुठळी. माझं निदान बरोबर होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि मेलेल्या मुलाची नाळ बांधायला घेतली.

नाळ माझ्या बोटांत उडत होती.

मेलेल्या मुलाची नाळ उडत नाही. कडक झालेल्या पोटातून ठोके कानाला पोचत नाहीत, एवढी साधी गोष्ट मी विसरलो होतो. निम्मी वार शेवटपर्यंत धरून राहिली होती, आणि त्या निम्म्यावर हे पोर तगलं होतं. पण श्वास नव्हता. निळं, लिबलिबीत, मान टाकलेलं.

आम्हाला तेव्हा एक जर्मन रीत शिकवली होती. अर्भकाला बगलेतून दोन्ही हातांनी धरायचं, खाली लोंबतं ठेवायचं, आणि झोक्यासारखं डोक्यावर नेऊन परत खाली आणायचं. त्यानं छाती दबते, सुटते, श्वास सुरू होतो. हल्ली ती रीत मागे पडली, आणि पडली तेच बरं. पण तेव्हा मला दुसरी येत नव्हती. मी पाय फाकून उभा राहिलो आणि पोराला डोक्यावर नेलं.

"आपटतो का काय मेला!" हिराबाई उसळलीच. "धोब्याचं धुनं हाय का माजं नातवंड!" तिनं माझ्या कोटाची कॉलर मागून धरली. मी पोर खाली आणलं, परत वर नेलं. कॉलर तटतटली. पगडी पडली. "सोडा हो, श्वास आणतोय!" "पांडू, धर रं याला!" पांडू मला धरू की आईला धरू अशा संभ्रमात दोघांनाही धरायला आला, आणि त्या ओढाताणीत पोर तिसऱ्यांदा खाली येतायेता शिंकलं. मग रडलं. बारीक, चिडकं, आजीच्या घराण्यातलं रडणं.

हिराबाईनं माझी कॉलर सोडली. "तू तर मगाशी म्हनलास, पोर मेलंय."

"चूक झाली."

"अशी चूक रोज कर," ती म्हणाली, आणि पोर माझ्या हातातून घेऊन पदरानं पुसून पांडूच्या हवाली केलं. मुलगी होती.

सगळं आटोपलं असं वाटून मी खाली बसलो, तर चांगुणेच्या खालचं कापड परत भिजू लागलेलं. वार आधी सुटलेल्या बाईची पिशवी दमलेली असते. बाळंत झाल्यावर ती आवळून घट्ट व्हायला हवी, तर ही मऊ पडत होती. मी पिशवी आवळणारं अर्गटचं औषध दिलं आणि पोटावरून पिशवी मुठीत धरून चोळायला लागलो. धरली की घट्ट, सोडली की ढिली. या प्रकारात हातचं राखून चालत नाही. पुढे एकदा परळच्या चाळीत अशाच बाईच्या घरच्यांनी मला पोटाला हात लावू दिला नव्हता. "रक्त तर थोडंच जातंय," म्हणत राहिले, आणि मीही भिडेखातर दाराशीच उभा राहिलो. ती बाई गेली. तो दरवाजा अजून आठवतो.

हिराबाईच्या घरी मला दारात कुणी थांबवलं नव्हतं, पण माझे हात भरून आले होते आणि पोराकडेही पाहायचं होतं. मी हिराबाईचा हात धरला आणि बेंबीखाली ठेवला. "इथं नारळाएवढा गोळा लागतोय? तो असाच घट्ट राहिला पाहिजे. मऊ पडला की चोळायचा. हात काढलात तर रक्त जाईल."

"नाय काढत."

मुंबईच्या मासळीबाजारात आयुष्यभर पाट्या उचललेला तो हात. तसा हात मला कुठल्याही इस्पितळात मिळाला नसता. चांगुणा डोळे मिटून पडली होती. ग्लानीत होती. मी पांडूकडून पोर घेऊन कापसात गुंडाळत होतो, तेवढ्यात ती पुटपुटली, "दोर वलांडला मी, आये. होरीचा. पडले तिथंच. म्हनून झालं सगलं."

पांडूनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

हिराबाईचा चेहरा बदलला. आता हात उचलते आणि सुनेच्या मुस्काटात देते, असं वाटून मी अर्धा उठलो. पण हात जागचा हलला नाही. तोंड सुटलं.

"दोर वलांडला! कितीदा सांगितलं व्हतं मी! कान हायेत का टोपल्या? माजी होरी, माजा पोरगा समुद्रात, आन् हिला पापलेट पायजे! आन् वर मला फसवते. बोंबील बाधले म्हने! मी इथं शेक देत बसले बोंबलाला!"

मधूनच आवाज खाली आणून मला, "मऊ लागतोय रं, चोलू का?" आणि मी मान हलवली की चोळत चोळत परत, "मरून गेली असतीस म्हनजे? मी पोराला दुसरी कुठनं आनली असती? तुज्यासारखं मासली पारखनारं दुसरं हाय का कोन वाड्यात?"

पांडू म्हणाला, "आये, हात दुखत असंल. मी धरतो जरा."

"तुला काय येतंय? तू दोर नीट गुंडालून ठेव आधी!"

नाडी माझ्या बोटाखाली हळूहळू भरत होती. पण मला खरा धीर आला तो चांगुणेनं डोळे न उघडता, क्षीण आवाजात सासूला उलट उत्तर दिलं तेव्हा. "पापलेट मोठं व्हतं... तुमी असता तर तुमीबी वलांडला असता."

"ऐका!" हिराबाई कडाडली. "मेली मरता मरता तोंड चालवते!" पण तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. एक गोळ्यावर होता. दुसऱ्यात सुनेचा हात होता, तो कधी धरला ते मला कळलं नाही.

मी पोटावर हात लावून पाहिलं. गोळा दगडासारखा घट्ट. कापड कोरडं. धोका टळला होता.

"हिराबाई," मी म्हणालो, "झालं आता. काढलात तरी चालेल हात."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांब रं," ती म्हणाली. "अजून माजं बोलून झालं नाय."